दसऱ्यानंतरची टेकडी

अण्णा, तिरला गावाच्या पुढची टेकडी वाचली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, कारण ती टेकडी मला तुम्ही दाखवलीत. माझं काम काय, हे बघायला तुम्ही राहिला नाहीत. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून कुठे किती जंगल उरलंय, त्याच्या खोडामुळांत किती कार्बन साठलाय आणि जंगलाचं शेत झालं की त्यातला किती जातो, याचा अंदाज मी बांधते. धारच्या शाळेत जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंत तुम्ही, तुम्हाला हे आवडलं असतं. "म्हणजे आता आभाळात बसून झाडं ओळखता काय?" असं खवचटपणे विचारलंही असतंत.

आज सकाळी जिल्ह्याची बैठक होती. बाहेरच्या एका कंपनीने नकाशा केला होता. त्यात आपली टेकडी पडीक, कार्बन जवळजवळ नाहीच. पडीक ठरली की तिथे सोलरचे पॅनल येणार आणि झाडं जाणार. त्यांचा साहेब ऐटीत म्हणतो, "मॅडम, मई की इमेज है, एक बादल नहीं. इससे साफ़ कुछ मिलेगा नहीं." मी म्हटलं, "साफ़ तो होगी ही सर, मई में सागौन पर पत्ता कहाँ रहता है?" सगळे हसले. अहो अण्णा, पानं गळलेल्या सागाला ओसाड जमीन समजले होते ते!

मग मी माझी चित्रं लावली, दसऱ्यानंतरची. ती का निवडली सांगू? सीमोल्लंघनाला तुम्ही दरवर्षी आम्हाला तिथेच न्यायचात. आपल्या अंगणातल्या आपट्याचं सोनं तुम्हाला चालायचं नाही, शीव ओलांडूनच आणायचं. मी पानं ओरबाडून घरी पळायच्या घाईत, आणि तुम्ही खांदा धरून मला वळवता, "सोनं काय पळून चाललंय? आधी इकडे बघ." खाली सोयाबीन कापलेली, शेतं उघडी, तपकिरी, वर साग अजून हिरवागार. जंगल कुठे सुरू होतं ते त्या वयातही कळायचं. आज पडद्यावर अगदी तस्संच दिसलं. पायथ्याला सोयाबीन थोडी वर चढलीय, तेवढा कार्बन गेला, तो मी लपवला नाही. पण उरलेली टेकडी गच्च भरलेली. आमच्या गटाने टेकडीवर जाऊन टेप लावून मोजलेले खोडांचे घेरही तेच सांगत होते. "इसे जंगल ही लिखो," अध्यक्ष म्हणाले, आणि मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं.

हे पत्र मी कुठे टाकणार? राहील इथेच. पण एक कबूल करते. जंगल वाचल्याचा आनंद आहेच अण्णा, पण त्या साहेबाचं तोंड पडलं ना, त्याचा जरा जास्तच झाला. चहाला मुद्दाम त्याच्या समोर जाऊन बसले. असं करू नये, म्हणाला असतात तुम्ही. केलं, आणि चांगले दोन कप प्यायले.