माळ घातलेलं विमान

५ ऑक्टो. ८६, रवि.
हे मस्कतहून आले ते भलीमोठी पेटी घेऊन. मला वाटलं, मिक्सर असेल. निघालं विमान! पंख माझ्या हाताहून लांब, जळलेल्या एरंडेलाचा वास. सोबत रिमोटचा डबा. सासूबाईंचं सुरू, "हौशी गो माझा वसंता!" मला एक साडी, मोरपंखी. मोरपंखी मला कधी शोभली?
सकाळी भाट्याला उडवलं. किनाऱ्यावर काळं कुत्रं नव्हतं. छान उडलं, खोटं कशाला बोलू. नणंद शकू टाळ्या पिटत होती. हे म्हणाले, तिकडे आधी मैदानाभोवती दोरी बांधतात. दोरीच्या आत माणूस दिसलं की उडवत नाहीत. पुढचा पंखा बोट छाटतो म्हणे.

९ ऑक्टो.
गावभर आमंत्रणं. दसऱ्याला संध्याकाळी भाट्याला विमान. मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन चहा ढोसून गेले.
मी विचारलं, "दोरीचं काय?"
हे म्हणाले, "आपलीच माणसं. दोरी बांधली तर अपमान वाटेल."
म्हणजे अरबांची बोटं मोलाची, आपल्यांची वाटेल तेवढी.

१२ ऑक्टो., दसरा
सकाळी पूजा. कोयती, अडकित्ता, शिवणाचं मशीन नि मधोमध विमान. सासूबाईंनी झेंडूची माळ केली, गोणी शिवायच्या दोऱ्यात. पंख्याला नको म्हणून शेपटीला बांधली, तीन गाठी मारून. शेपटीचा हलणारा तुकडा आहे, त्यानेच विमान वर-खाली होतं, हे मला परवा ह्यांनीच शिकवलेलं.
निघताना हे माळ सोडायला गेले. सा. कडाडल्या, "आजच्या दिवशी माळ काढतोस? देवाला घातलेली?"
"राहू दे. हलकी तर आहे."
पन्नाशीला आलेला बाप्या, मस्कतला दहा माणसं हाताखाली, नि आईपुढे मांजर.
आता जायचं. उरलेलं उद्या.

१३ ऑक्टो.
कालचं लिहिते.
सगळं भाट्ये लोटलेलं. भेळवाले, पोरंटोरं, हातात आपट्याची पानं. शकू पुढेच. भावाचं विमान ना! विमान वर गेलं, टाळ्या. वळलं नि माळ घसरून त्या तुकड्यात अडकली. हे डब्यावरचे दांडे ओढतायत, विमान ऐकेना. सरळ माणसांत. लोक हसत होते! गंमतच वाटली त्यांना.
शकूच्या तोंडावर. डावा डोळा, गाल फाटलेला. हातातलं सोनं रक्तात.
हे धावले ते आधी विमानाकडे. मी बघितलंय. मरेपर्यंत विसरायची नाही.
मागून कोणीतरी विचारलंन, "मोडलं काय हो?" विमानाचं विचारत होता मेला.

१७ ऑक्टो.
मिरजेला नेऊन आणलं. डोळा काढावा लागला नाही. नजरेचं डॉक्टर सांगत नाहीत. पट्टी दिवाळीत सोडायची.
शकू मिरजोळ्याच्या कारखान्यात रेडिओचे बारीक भाग तपासते, दिवसभर भिंगाखाली. एका डोळ्याने तिथे कोण ठेवील? साहेबाने दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवलीय. त्याला कळवलं, माडाची झावळी पडली. अख्खं भाट्ये बघत होतं, पण साहेब साताऱ्याचा. त्याला काय, माडाखाली माणसं मरतातच असं वाटतं.
पोलिसांत नको, असं सा.चं म्हणणं. "घरातलं घरात." शकूला म्हणतात, "तुला तरी पुढे पुढे करायला कोणी सांगितलेलं?" जन्म दिलेल्या आईचं तोंड हे. मला सून म्हणून बोलल्या असत्या तर एक वेळ समजले असते.

२४ ऑक्टो.
हे पडवीत बसून विमान चिकटवतात. शकू पलीकडे खाटेवर. तिला फुंकर ऐकू येते, गोंद वाळवतायत ती. काल तिने विचारलंन, "दादा, झालं का रे?" हे खुशीत म्हणाले, "झालंच!" डोळ्याबद्दल विचारायचं ह्यांना अजून सुचलेलं नाही.

३० ऑक्टो.
अध्यक्ष पुन्हा. दसऱ्याला अर्धवट राहिलं, पाडव्याला करू या. लोक विचारतायत. ह्यांना हो म्हणायला क्षण लागला नाही. माझ्यावर ओरडले, "एकदा झालं म्हणून काय जन्मभर हात बांधून बसू?"
मी म्हटलं, "हात नको. दोरी बांधा."
"ह्या गावात कोण थांबतं दोरीमागे? हसतील मला."
सा.नी फुलवाल्याला माळ सांगितलीय. ह्या वेळी मोठी. म्हणे मागच्या वेळी कमी पडली, म्हणून देवी कोपली. जळली ती माळ, शिरा पडली तिच्यावर!

१ नोव्हें.
पट्टी सोडली. डॉक्टरांनी डाव्यापुढे बोटं धरली. शकू म्हणाली, "उजेड दिसतोय." डॉक्टर म्हणाले, "बोटं किती?" ती म्हणाली, "उजेड दिसतोय ना."
मी बाहेर जाऊन रडले. परत आले तर हे डॉक्टरांना पाडव्याचं आमंत्रण देत होते.

२ नोव्हें.
उद्या पाडवा. दुपारी शकू केस विंचरताना म्हणाली, "वहिनी, मी उद्या भाट्याला येणार. पट्टी न बांधता. मागच्या वेळी होते तिथेच उभी राहणार."
सा. म्हणाल्या, "अगो, सणाचं हे तोंड कुणाला दाखवायचंय?"
"दादालाच. मला बघून उडव म्हणावं."
हे पडवीत पक्कड घेऊन बसलेले. ऐकलं त्यांनी.
तिच्यासाठी मोरपंखी काढून ठेवली. तिला शोभते. विहिरीचा दोर सोडून पिशवीत भरलाय, उद्या पाणी नाही मिळालं तरी चालेल. दोर धरायला दुसऱ्या टोकाला कोण उभं राहणार, ते ठाऊक नाही.
मघापासून हे पेटी उघडतायत नि मिटतायत. विमान आत की बाहेर, मी बघितलेलं नाही.