पोच नसलेलं पत्र

सोलापूर, ४ जुलै २०२५

चि. आशिष यास अनेक आशीर्वाद.

तुझं जूनअखेरचं पत्र पोचलं. पोच लिहिल्याशिवाय पत्र सुरू होत नाही माझं. टपालखात्यातल्या बापाची लेक मी, नानांनीच लावलेली सवय.

आमच्या वॉर्डातली नर्स महेश्वरी अडकलीय. डॉक्टरांनी त्यांच्या खोलीतल्या संगणकावर एका आजोबांचं इंजेक्शन रद्द केलं, तरी तिनं ते दिलं. आजोबा आयसीयूत आहेत. नोंदीत रद्द केल्याची वेळ आधीची, दिल्याची नंतरची. मॅडम, तवा पडद्यावर रद्द नव्हतंच की, एवढंच ती म्हणत राहते. चौकशी पुढच्या आठवड्याअखेर. वॉर्डप्रमुख म्हणून अहवालावर सही माझी. तू असल्याच यंत्रणा बनवतोस. काय खरं मानू? फोन नको. फोनवर मला रडू येतं नि मुद्दा राहतो.

तुझी ताई

पुणे, ८ जुलै

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं ४ तारखेचं पोचलं. तुझी भावजय ज्ञानदा म्हणते, पोस्ट तुम्हा बहीणभावांवरच चाललंय.

ताई, सही करू नकोस. दोन संगणकांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. जुळली तरी निरोप वाटेत रेंगाळतो. वेळ नको, पोच बघ. महेश्वरीनं इंजेक्शन दिलं तेव्हा वॉर्डच्या संगणकाला रद्दचा निरोप मिळाला होता का? त्या संगणकात आलेल्या निरोपांना नि केलेल्या नोंदींना ओळीनं क्रमांक पडतात, संगणकवाल्यांना ते काढता येतील. मिळाला नसेल तर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या नकळत झाल्या. आधी कोणती, याला अर्थच नाही. पोच आल्याशिवाय पत्र मिळालं असं धरायचं नाही, नानांनी हेच तर शिकवलं.

लोभ आहे, तो असाच असू दे.

आशिष

सोलापूर, ९ जुलै

चि. आशिष यास आशीर्वाद.

तुझं काही आलं नाही. चौकशी अचानक आजच घेतली. व्यवस्थापकांनी दोन्ही वेळा वाचून विचारलं, मॅडम, आधीचं ते आधीच ना? चूक महेश्वरीची, अशा अहवालावर मी सही केली. घाबरून केली की मलाही तेच पटलं, कळत नाही. महेश्वरी ओळखपत्र टेबलावर ठेवून आपल्या गावी अक्कलकोटला गेली. जाताना माझ्या पाया पडली रे.

ताई

सोलापूर, ११ जुलै

चि. आशिष यास आशीर्वाद.

तुझं ८ तारखेचं आज पोचलं. लगेच क्रमांक काढायला लावले. रद्दचा निरोप वॉर्डात आला तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं. व्यवस्थापक म्हणाले, अहवाल वर गेला, सही तुमचीच आहे. महेश्वरी फोन उचलत नाही.

तुझ्या पत्रावर ८ तारीख, माझ्या सहीखाली ९. नुसत्या तारखा पाहणारा म्हणेल, भावानं बजावलं तरी हिनं सही केली. मग मी तरी काय सांगणार? तेव्हा पत्र आलंच नव्हतं, एवढंच म्हणत राहीन.

लोभ कमी करू नकोस.

ताई