तुमच्या नावाचा पुकारा

पप्पा, काल तुमची केस संपली. तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, "संपली म्हणजे? निकाल लागला की पुढची तारीख पडली?" म्हणून आधीच सांगते, तारीख नाही पडली. खरंच संपली. बोळाच्या तोंडावरचं गेट राहणार, पण त्याची एक चावी आपल्याकडे, एक शेजारच्या काकूंकडे. उद्या काकूंचं घर जो कोणी घेईल, त्यालाही हे पाळावं लागेल. लोकअदालतीत तडजोड झाली. आईने सही केली, काकूंनी स्वतःची आणि पुण्याच्या त्यांच्या मुलीच्या वतीनेही केली, सगळ्यात शेवटी मी केली. आता दुपार आहे. आई झोपलीये, मागचं दार उघडं आहे आणि तुमच्या त्या बोळातून वारा आत येतोय. एवढासा बोळ, तुमची मोटरसायकल जेमतेम जाईल एवढा. त्याच्यासाठी तुम्ही आणि शेजारचे काका कोर्टात गेलात. त्यांना चोरांची भीती, म्हणून त्यांनी गेट लावलं. तुम्ही म्हणालात, ही आमची वहिवाट आहे, वर्षानुवर्षं आम्ही इथूनच जातो. दोघांचंही खरंच होतं, असं मला आता वाटतं. हे मी कोणासमोर म्हणणार नाही.

तुम्ही मला कोर्टात नेलं तेव्हा मी चौथीत होते. शाळेला सुट्टी होती, आई मामाकडे गेली होती, म्हणून तुम्ही सातपूरहून रात्रपाळी करून आलात, न झोपता आंघोळ केली आणि मला गाडीवर पुढे बसवलंत. तो व्हरांडा मला अजून स्वप्नात येतो. स्वप्नात तो खूप लांब असतो, त्याला शेवटच नसतो. उन्हाचे चौकोन फरशीवर पडलेत, काळे कोट त्यातून पोहत गेल्यासारखे जातात, कुठेतरी टाइपरायटर वाजतोय, छपरात कबुतरं घुमतायत, आणि बाकावर माणसं बसलीत. कोणी डबा मांडीवर घेऊन, कोणी पिशवी पोटाशी धरून. कोणीच काही करत नाही. सगळे फक्त आहेत. मग दार उघडतं, शिपाई बाहेर येतो आणि कोणाचं तरी पूर्ण नाव घेतो, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, लांब सूर लावून. आणि बसलेल्यांतला एक माणूस एकदम उठून उभा राहतो. मला ते जादूसारखं वाटलं होतं. नाव घेतलं की माणूस तयार होतो.

मला उसाचा रस हवा होता. गेटबाहेर गाडा होता, त्याची घंटा वर ऐकू येत होती. मी हट्ट केला. तुम्ही म्हणालात, "पुकारा झाल्यावर." मी म्हटलं, "बट पप्पा, ते परत बोलावतील ना?" तुम्ही एवढे चिडलात. "इथे बट-बिट चालत नाही. नाव घेतल्यावर माणूस जागेवर पाहिजे. गप बस." तुम्ही मला कधी ओरडायचा नाहीत, म्हणून मी रडले पण नाही, नुसती बघत राहिले. थोड्या वेळाने तुमचे डोळे मिटायला लागले. रात्रभर मशीनवर उभे होतात. तुमची मान खाली गेली. त्याच बाकावर, तुमच्या पलीकडे, शेजारचे काका बसले होते. त्या व्हरांड्यात पंखा एकच होता आणि त्याच्याखाली बाक एकच, म्हणून वादी आणि प्रतिवादी एकाच बाकावर. घरी तुम्ही एकमेकांशी बोलत नव्हतात. आई वाटीभर साखर मागायलासुद्धा त्यांच्याकडे जायची नाही.

आणि मग दार उघडलं. शिपायाने तुमचं नाव घेतलं. आपले वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात गेले होते. तुम्ही झोपलेलेच. मला हाक मारायची भीती वाटली, नुकतीच बोलणी खाल्ली होती ना. तेव्हा काकांनी तुमच्याकडे न बघताच कोपराने तुम्हाला ढोसलं. "उठा हो. तुमचा पुकारा झाला." तुम्ही धडपडत उठलात, "हजर, हजर" म्हणत आत गेलात. काका तुमच्या मागून आत गेले. दोन मिनिटांत दोघं बाहेर. तारीख पडली होती. मग मला रस मिळाला, मोठा ग्लास, आणि बाहेरच्या स्टॉलवरून तुम्ही मला कोर्टाचे चार हिरवे कागद घेऊन दिलेत, चित्रं काढायला. मी त्यांच्यावर सगळ्यांना काळे कोट घातले होते, तुम्हालासुद्धा.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत. त्या दिवसांचं मी लिहीत नाही, ते तुम्हाला सांगून काय करू. पण त्यानंतर वकीलसाहेब घरी आले होते, ते आठवतं. आई म्हणाली, "आता कशाला केस? माणूसच राहिला नाही." ते म्हणाले, "ताई, माणूस जातो, दावा जात नाही. हक्क घराचा आहे. मुदतीत वारस लावले नाहीत तर मात्र दावा तिथेच मरेल." आईला त्यातला शेवटचा शब्द नको होता, म्हणून तिने सही केली असणार. अशी मी तुमच्या केसमध्ये आले, वारस नंबर दोन, अज्ञान. अज्ञान म्हणजे अठराच्या आतली, एवढंच. मी इंग्लिश मीडियमची, मला वाटलं माझा अपमानच केलाय.

आता मी लॉ करतेय, पप्पा. मला सगळं कळायला लागलंय, आणि कळलं की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हरांड्यात अनोळखी आजींनासुद्धा सांगते. दावा दाखल होतो, समन्स जातं, समोरचा आपली कैफियत देतो, मग जज मुद्दे काढतात, म्हणजे भांडण नेमकं कशावर आहे ते ठरवतात. त्यानंतर पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, निकाल. पुस्तकात हे एका पानावर मावतं. व्हरांड्यात ह्याच्यामध्ये किती तरी उन्हाळे मावतात. कधी साहेबांची बदली होते, कधी साक्षीदाराच्या घरी लग्न असतं, कधी आपलाच वकील दुसरीकडे अडकतो. तुम्हाला वाटायचं आपल्यालाच मुद्दाम थांबवतात. तसं नव्हतं हो. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, केवढा लांब असतो ते तुम्हाला दाखवायला हवं होतं. आता सगळं मोबाईलवर दिसतं, आपली केस कितवी, पुढची तारीख कधी. तुम्हाला किती आवडलं असतं! तुम्ही जेवतानासुद्धा बघत बसला असतात आणि आई ओरडली असती.

अठराची झाल्यावर मी पहिल्यांदा आईबरोबर तारखेला गेले. बाक नवीन होते, पंखे भरपूर होते. मी काकूंच्या शेजारीच बसले, कारण काकाही तोवर गेले होते आणि काकू त्यांच्या वारस म्हणून यायच्या. आई आणि काकू एव्हाना डबा वाटून खात होत्या. केस चालू होती, पण मेथीचे पराठे वेगळे. मी पराठा तोंडात घेतलेला, आणि शिपाई बाहेर आला. "मयत..." असं म्हणून त्याने तुमचं नाव घेतलं. तुमचं, आजोबांचं, आपलं आडनाव, लांब सूर लावून. "...तर्फे वारस." मग "विरुद्ध मयत" म्हणून काकांचं. पप्पा, घरी तुमचं नाव कोणी घेत नाही. आई 'हे' म्हणते, मी 'पप्पा' म्हणते, फोटोखाली नाव लिहिलेलं नाही. इतक्या वर्षांत कोणी मोठ्या आवाजात तुम्हाला हाक मारलीच नव्हती. आणि इथे एक अनोळखी माणूस सगळ्यांसमोर बोलावत होता, जसं काही तुम्ही आत्ताच पाणी प्यायला गेलायत. मी ताडकन उठले आणि ओरडले, "हजर!" सगळा व्हरांडा बघायला लागला. शिपाई म्हणाला, "ताई, तुम्ही वारस ना? मग सावकाश बोला, मयत घाबरतील." काकू हसून हसून डोळे पुसत होत्या.

त्यानंतर मी एकही तारीख सोडली नाही. कॉलेज बुडवून गेले. आईला वाटलं मुलगी वकिलीत रमली. वकीलसाहेबांनाही वाटलं. मला वाटायचं तुम्ही आणि काका अजून त्या जुन्या बाकावर, एका पंख्याखाली, नंबर यायची वाट बघताय. आम्ही फक्त दारातून ओ देतो.

ह्या उन्हाळ्यात काकू घरी आल्या. निफाडकडच्या ना त्या, अजून तसंच बोलतात. "लय झालं आता. गुडघे चालत नाय. मुलगी पुण्याला बोलावती, तिला दिवस गेलेत, जवळ कोणी नाय. घर विकायला काढलं तर जो येतो तो विचारतो, केस हाय का? आन निघून जातो. मिटवू ना गं." आई लगेच म्हणाली, "मिटवू." मी म्हटलं, "नाही." तडजोडीला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि वारस नंबर दोन मी होते. मी खूप कायदा बोलले. वहिवाटीचा हक्क, तत्त्व, पप्पा ह्याच्यासाठी न झोपता जात होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाल्या, "तू हुशार हायेस. माझ्या पोरीला सातवा लागलाय, एवढंच तुला माहीत असू दे."

त्या गेल्यावर आई भांडी घासायला बसली. पाठमोरीच म्हणाली, "तुला बोळ नकोय. तुझ्याकडे तर सायकलपण नाही."

"मग काय हवंय मला?"

"ते मला नको विचारू. पण हे गेलेत, बाळा. तू त्यांना कोर्टात बसवून ठेवलंयस. दमले असतील ते."

मी तिच्याशी आठवडाभर नीट बोलले नाही.

मग एक दिवस वर्गात सरांनी गैरहजेरी शिकवली. साधा नियम आहे. पुकारा झाला, प्रतिवादी हजर आहे आणि वादी नाही, तर कोर्ट दावा काढून टाकतं. सर पुढे गेले, परत कसा उभा करता येतो, कारण कसं द्यायचं वगैरे. मी तिथेच राहिले. खिडकीबाहेर गुलमोहर नुसता लाल झाला होता आणि मला तो व्हरांडा दिसायला लागला, उन्हाचे चौकोन, तुमची खाली गेलेली मान. वकील नव्हते. तुम्ही झोपलेले. प्रतिवादी हजर होता. काकांना काहीच करायचं नव्हतं, पप्पा, फक्त गप्प बसायचं होतं. शिपायाने अजून दोनदा नाव घेतलं असतं आणि ती केस त्या दिवशी त्यांच्या बाजूने सुटली असती. त्यांना हे माहीत नव्हतं असं शक्यच नाही, इतकी वर्षं बाकावर बसलेल्या माणसाला हेच तर पहिलं कळतं. तुम्हालाही माहीत असणार. म्हणजे तुम्हा दोघांना भांडायचं होतं, पण झोपलेल्या माणसाशी नाही. तुम्ही हे आईला कधी सांगितलं होतंत का? मी संध्याकाळी काकूंकडे गेले आणि त्यांना सांगितलं. त्यांनी काकांच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला नाय बोलले कधी. घरी तर म्हणायचे, बघतोच त्याला." आणि आत जाऊन चहा टाकला. मी सही करते म्हणून त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

तर काल लोकअदालत होती. तिथे आरडाओरडा नसतो, टेबलं मांडलेली असतात. जज मॅडम आणि एक वकील शेजारी शेजारी बसतात, आणि लोकांच्या चेहऱ्यावर परीक्षा संपल्यासारखं असतं. वकीलसाहेबांनी मला समजावलं की इथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, पुन्हा बोर्ड नाही, तारीख नाही. मला ते सगळं पाठ होतं. मी म्हटलं, हो, कळलं. आई, काकू आणि मी दाराच्या अगदी जवळच्या बाकावर बसलो होतो. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला होता. आईने पाण्याची बाटली आणली होती, ती तिघींत फिरत होती.

शिपाई आला. "मयत..." आणि तुमचं नाव, आजोबांचं, आडनाव. "...विरुद्ध मयत..." आणि काकांचं नाव. आई उठायला लागली, तर तिचा हात काकूंनी धरलेला होता. मीही उठले नाही. त्याने दुसऱ्यांदा नावं घेतली, थोडी जोरात. काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा तुमची दोघांची नावं एकामागोमाग एक जिन्यापर्यंत गेली आणि खाली उतरताना ऐकू आली. मग तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. "काय मावशी, दोन्ही पार्ट्या झोपल्या का काय?" काकू म्हणाल्या, "नाय रे बाबा, गुडघे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठल्या. आत आम्ही सह्या केल्या.

हे मी मोबाईलवर लिहितेय, आईला ऐकू जाऊ नये म्हणून बोटं हळू चालवतेय, आणि कुठे पाठवायचं नाहीये. वकीलसाहेबांनी बाहेर आल्यावर विचारलं होतं, तीनदा पुकारा झाला, तू होतीस कुठे? मी म्हटलं, गर्दीत ऐकू आलं नाही. पप्पा, मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.