गिझर मी लावत नव्हते

मी, कुंदा चिंतामणी टिपणीस, वय बहात्तर, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, अंबरनाथच्या एका कारखान्यात वीजमीटर तपासण्याच्या विभागात एकोणतीस वर्षं काढून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, मला मात्र त्याचा दाखला आणावा लागला. डॉ. राजसी कारखानीस यांनी दिलेला तो दाखला सोबत जोडला आहे. तो आणायची वेळ माझ्या एकुलत्या एका मुलाने, समीरने, माझ्यावर आणली.

१. बेलवलीचं बैठं घर आणि त्याखालची जागा माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. वडिलोपार्जित यात काहीही नाही. ही आणि शेजारची जागा मिळून बिल्डरला टॉवर उभा करायचा आहे. मी तीनदा नाही म्हणाले. माझ्यामागे काय करायचं ते करा, जिवंतपणी मला सातव्या मजल्यावर नेऊन बसवू नका. घर कोणाला, ते कलम चारमध्ये लिहिलं आहे.

२. गच्चीवरची तीन किलोवॅटची सोलर पॅनेल आणि त्यांना जोडलेली यंत्रणा घरासोबतच जाईल. ही यंत्रणा काय आहे हे नीट लिहून ठेवते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. दुपारी पॅनेल भरपूर वीज करतात आणि घरात मी एकटी, एक पंखा आणि एक फ्रिज. उरलेली वीज कवडीमोलाने बाहेर जायची आणि संध्याकाळी तीच महाग घ्यायची. मला ते सहन होईना. लॉकडाऊनमध्ये समीर पुण्याहून येऊन सात महिने इथे अडकला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून उपाय केला. मीटरकडून येणाऱ्या तारेवर वीज मोजणारा चिमटा मी बसवला, प्रोग्राम त्याने लिहिला. सलग पाच मिनिटं अठराशे वॅटच्या वर वीज बाहेर जाऊ लागली की गिझर आपोआप लागतो. ढग आला की बंद, ऊन आलं की परत चालू. टाकी तापली की पाण्याचा पंप. पहिल्या दिवशी गिझरचा लाल दिवा आपला आपण लागला तेव्हा आम्ही दोघं टाळ्या पिटत नाचलो. यजमान गेल्यापासून या घरात इतकं हसू झालं नव्हतं. "आई, तू इथे एकटी असतेस, माझ्या मोबाइलवरही दिसू दे," असं तो म्हणाला. मला केवढं बरं वाटलं होतं!

गेल्या जूनमध्ये "रूटीन चेकअप आहे गं" म्हणत त्याने मला डॉ. कारखानीस, या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग समीरने आधीच लिहून दिलेला कागद वाचला: "पेशंट दिवसातून चार-चार वेळा गिझर लावून विसरतात. रिकाम्या घरात पंप चालू ठेवतात. मुलाकडे तारीख-वेळेसह नोंदी आहेत." मी आधी हसले. म्हटलं, समीर, सांग ना यांना! समीर भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला. तेव्हा मला कळलं. माझ्या डोक्यात बिघाड आहे असा कागद मिळवून त्याला माझ्या वतीने बिल्डरच्या करारावर सही करायची होती. रिक्षात म्हणाला, "आई, फक्त फॉर्मॅलिटी होती, तू उगाच टेन्शन घेतेस." अरे, प्रोग्राम तुझा! त्या नोंदी कशाच्या आहेत हे माझ्याइतकंच तुला ठाऊक होतं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पोटच्या पोराने केलं, याचं काय करू?

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंना भर दुपारी घरी जेवायला बोलावलं. ताटावर बसल्या बसल्या त्यांनी गिझर दोनदा लागून बंद झालेला पाहिला आणि तिथेच दाखला लिहून दिला.

३. बँकेतल्या ठेवींपैकी दोन लाख कौसाबाईंना द्यावेत. बावीस वर्षं त्या माझ्या घरी काम करतात. त्यांच्याकडे पालेगावला पाणी तापवायची सोय नाही, त्या दुपारी इथेच आंघोळ करतात; घर ज्याचं होईल त्याने हे बंद करू नये. "बाय, पोरगाच हाय ना तो, सोर आता," असं त्या रोज सांगतात. नाही सोडवत. उरलेल्या ठेवी, माझा मल्टिमीटर आणि हत्यारांची पेटी माझी नात अनुया हिला. पॅनेल बसवणाऱ्या आनंदाचा त्या पेटीवर डोळा आहे, पण तो साक्षीदार असल्यामुळे त्याला यात काही ठेवलेलं नाही. पक्कड त्याला कालच देऊन टाकली. माझी कांजीवरम धाकट्या जाऊबाईंना मुळीच देऊ नये. कारण त्यांना माहीत आहे.

४. घर समीरला, एका अटीवर. या मृत्युपत्रावर माझी सही होईल त्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंसमोर खालील वाक्य लिहून सही करावी: "माझी आई तेव्हाही पूर्ण शुद्धीत होती, गिझर माझ्या प्रोग्रामने लागत होता, आणि हे मला माहीत होतं." माफी मागायची गरज नाही. सही केली नाही तर घर अनुयाला.

५. हे कलम सही करण्याआधी, आत्ता लिहिते आहे. समीर सकाळी आला. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाला, "आई, घर अनुयालाच दे. हे मी लिहून नाही देऊ शकत. लोक काय म्हणतील मला?" मला वेडी ठरवताना त्याला लोक आठवले नव्हते. पोहे न खाता गेला. सबब कलम चारमधली समीरच्या नावाची तरतूद मी रद्द करते. घर अनुयाचं.

हे सारं मी वाचून पाहिलं आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: बेलवली, बदलापूर पश्चिम
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: कुंदा चिंतामणी टिपणीस

साक्षीदार:
१. डॉ. राजसी कारखानीस, बदलापूर
२. आनंदा नाथा भोईर, कुळगाव