रविवारचे बाबा

ती. सौ. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे साष्टांग घालण्याइतकी जागा आमच्या खोलीत नाही. डोकं टेकवायला गेलो तर पाय ओट्याखाली जातात. तेव्हा नमस्कार उभ्यानेच, भाव तोच समजावा.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा गुडघा? त्यांना जिना चढायला बंदी केली होतीस, ती ते पाळतात की तू बाजारात गेलीस की गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांशी गप्पा हाणतात? आम्ही सुखरूप पोचलो हे तुला फोनवर कळलंच आहे. फोनवर मी सगळं छान आहे असंही म्हणालो होतो, ते तेवढं सोडून दे. मागे पोरगी उभी, पुढे तुझा आवाज, माणूस दुसरं काय बोलणार? म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आईमागे तू आधी मला वाढवलंस आणि मग माझ्या पोरीला. टिचकी जन्मली आणि तुझ्याच घरी राहिली, कारण मी दुसऱ्या गावी दातांच्या कवळ्या बनवणार, तुझी भावजय इस्पितळात पाळ्या करणार, आणि आम्ही दोघं रविवारी येऊन लेकीला बागेत फिरवणार. एकदा तरी तिघांनी एका छपराखाली राहावं म्हणून तर हा परदेशाचा उपद्व्याप. पण तू तिला किती पक्कं वळण लावलंयस याची कल्पना आम्हाला जमिनीवर असताना आली नाही, ती आकाशात गेल्यावर आली. अनोळखी माणसाने दिलेलं खायचं नाही, हे तू तिच्या डोक्यात असं काही बसवलंयस की विमानातली बाई ताट घेऊन आली रे आली की ही दोन्ही हात तोंडावर ठेवून मान फिरवायची. बाई बिचारी हसत परत यायची, ही परत मान फिरवायची. मी म्हटलं, अगं मी भरवतो, मी काय अनोळखी आहे का? तर तिने माझ्याकडे बराच वेळ नीट पाहिलं. (ताई, ते पाहणं मला मुळीच आवडलं नाही.) शेवटी माझ्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या तेवढ्या तिला चालल्या, कारण त्या बागेतल्या, ओळखीच्या. सबंध प्रवास पोरगी गोळ्यांवर आली. मधल्या विमानतळावर तुझी भावजय म्हणाली, आता एकही गोळी द्यायची नाही. मी म्हटलं, मग उपाशी ठेवू? बॅगा सरकत असतात त्या पट्ट्यासमोर नवराबायकोने भांडू नये. एक डोळा बॅगेवर ठेवावा लागतो आणि रागाला म्हणावा तसा जोर येत नाही.

आता मुख्य प्रकार सांगतो. (हा मी फोनवर गाळला. भावोजींना सांगू नकोस, ते चारचौघांत सांगत सुटतील.) उतरल्यावर पासपोर्ट तपासायच्या रांगेत उभे राहिलो. काचेमागे एक साहेबीण होती. चेहरा बरा होता. तिने टिचकीला काहीतरी विचारलं. टिचकी गप्प. साहेबिणीने माझ्याकडे बोट दाखवून परत विचारलं. टिचकी गप्पच. परक्या माणसाला नाव-गाव सांगायचं नाही, हीही तुझीच शिकवण. मी हसलो. अशा वेळी माणूस हसला की जास्तच चोर दिसतो. झालं, आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे खुर्च्या जमिनीला ठोकून बसवलेल्या (पळवून कोण नेणार होतं, देव जाणे) आणि भिंतीवर फक्त एक घड्याळ. साहेबिणीने फोनवर एक दुभाषी बाई मिळवली. तिची मराठी इतकी शुद्ध की मीच दचकलो. ती म्हणाली, "बालिके, हे सद्गृहस्थ तुझे कोण?" बालिका कोण ते बघायला टिचकीने मागे वळून पाहिलं. मग आपल्याशीच बोलतायत म्हटल्यावर, आणि मराठी कानावर पडल्यामुळे, तिचं कुलूप एकदम उघडलं. ती म्हणाली, "हे रविवारचे बाबा आहेत. मी आत्याकडे राहते. आत्या वाट बघत असेल."

दुभाषी बाईने ते इमानेइतबारे जसंच्या तसं साहेबिणीला सांगितलं असणार, कारण तिच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. तुझी भावजय रडायला लागली. मी कागद काढून दाखवू लागलो, पण ताई, माझं लक्ष कागदांवर नव्हतंच. रविवारचे बाबा. पोर खोटं काही बोलली नव्हती, हेच तर लागलं. आणि तेवढ्यात तिचा चेहरा पांढरा पडला. विमानभर खाल्लेल्या सगळ्या गोळ्या वर आल्या आणि मी दोन्ही हातांची ओंजळ करून ते सगळं झेललं. का झेललं, विचारू नकोस. खाली चांगली फरशी होती, ती धुता आली असती. विचार करायला वेळच नव्हता. मी तसाच उभा, ओंजळ भरलेली, नारंगी रंगाची, आणि कुठे टाकू ते सुचेना. साहेबिणीने ते पाहिलं, फोन खाली ठेवला आणि तीन शिक्के मारले. कागद बघितलेसुद्धा नाहीत. तिलाही लेकरं असावीत.

तर अशा रीतीने आम्ही इथे शिरलो. खोलीला एकच खिडकी आहे, तिच्यातून समोरची भिंत दिसते. आभाळ बघायचं तर गजांना गाल लावून मान वर करावी लागते, आणि एवढं करून ते दिसतं राखेच्या रंगाचं. कामावर मला एक कोपऱ्यातलं टेबल दिलंय. सगळे कानात काहीतरी घालून बसतात. मेणावर दात रोवावेत, घासावेत, चकाकी आणावी आणि डबीत घालून पाठवावेत. तिकडे निदान कवळी बसवायला आजोबा स्वतः यायचे, चावून दाखवायचे, शिव्या द्यायचे. इथे दात कुणाच्या तोंडात जातात तेही कळत नाही. मी एकटाच त्यांच्याशी बोलतो. मराठीतच.

आणि टिचकी. रोज संध्याकाळी तुझा फोन येतो, ती तुझ्याशी बोलते, फोन ठेवते, आणि मग बूट घालून दाराशी जाऊन बसते. म्हणते, रविवार संपला, आता मला आत्याकडे सोडा. तिला वाटतं हा एकच रविवार आहे, जरा लांबलाय. ताट समोर ठेवलं तर बघत नाही. त्यानंतर घरात कुणी जेवत नाही. तुला दुखवायचं म्हणून लिहीत नाही, पण लिहिल्यावाचून राहवलंही नाही.

भावोजींना नमस्कार. कंबरेला शेक घे, आणि भरलेल्या बादल्या तू उचलू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एवढं लांबण लावून खरं काम राहिलंच. रागावू नकोस, पण महिनाभर तू फोन करू नकोस. तुझा आवाज जरा लांब गेला की पोरगी आमची होईल असं वाटतं. तू माझं मन ओळखतेस, म्हणून तुझ्याकडेच मागतोय.

ता. ता. क. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि म्हणते, वन्संना असलं काही धाडलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. तिचं म्हणणं असं की बूट घालून बसणं पहिल्या आठवड्यातच संपलं. आता फोन झाला की टिचकी पोटभर भात खाते, तुला इथल्या कबुतरांच्या काय काय गोष्टी सांगितल्या ते आईला परत सांगते आणि झोपते. जेवत नाही तो मी. फोन ठेवला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसतो, आणि भिंती पातळ आहेत, दोघींना सगळं ऐकू येतं. बाबांचं पोट दुखतं असं तिने पोरीला सांगून ठेवलंय.

तेव्हा वरचा ता. क. खोडला असं समज. फोन करत जा, रोज कर. फक्त माझ्या हातात फोन आला की 'जेवलास का' एवढं विचारू नकोस.