सुधीरला तार कुठे करू?

गिरगाव, शुक्रवार, वैशाख १९५७

मोर्च्यामुळे डॉक्टर उशिरा आले. म्हणाले, सून आता थोड्या दिवसांची, नातवाला बोलवा. मुलाला म्हटलं, सुधीरला तार कर. तर म्हणतो, "आई, या वयात पोरं एकदाच युरोप बघतात. त्याची मजा कशाला मोडायची?" आमचे चुलतसासरे विलायतेहून आले तेव्हा घरानं त्यांना पंक्तीबाहेर बसवलं. आता मजेला जातात, आणि आई मरत असली तरी ती मोडायची नाही.

मीच तार करते म्हटलं. पण कुठे? त्याच्या कार्डांवर नुसते बर्फाचे डोंगर, पत्ता नाही. मुलानं बायकोला पंधरवड्यापूर्वीच खोटं सांगितलंय, सुधीर निघाला म्हणून. ती मघाशी विचारत होती, "सासूबाई, बोट लागली?"

म्हटलं, उद्या लागेल. उद्या काय सांगू?