तात्या, धाकट्याची गाठ उजळली

तात्या, आपल्या धाकट्याच्या स्वादुपिंडातही गाठ निघाली. विंचूरच्या मार्केटला कांदा घेऊन गेला होता, तिथेच पोटात कळ येऊन खाली बसला. हे तुम्हाला सांगायचं म्हणून लिहायला घेतलं, पण एका जागी बसवत नाही. कितीदा तरी उठून गॅलरीत जाऊन आले.

तुमच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, फार तर काही महिने. तुम्ही मात्र त्यानंतर काही वर्षं एसटी चालवत राहिलात. सिन्नरच्या स्वयंपाकघरात मी चुलीपाशी रडत बसलेले, आणि तुम्ही ड्रेस चढवून दारात उभे. "रडून काय हुतंय? प्रॅक्टिकल हाय ना तुझं? ऊठ, बापाच्याच गाडीनं चल." मी चिडून उठले. गाडीत तुमच्या मागच्याच सीटवर बसले आणि नाशिक येईपर्यंत तुमच्या पिवळ्या पडलेल्या मानेकडे बघत राहिले. तुम्ही इतके टिकलात ते जिद्दीमुळे, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

आता मी फार्मसी कॉलेजात शिकवते. पेशीवरचे रिसेप्टर दरवर्षी फळ्यावर काढते. धाकट्याच्या गाठीचा तुकडा तपासला, मग रिसेप्टर असतील तिथे उजळणारा स्कॅन झाला. स्क्रीनवर गाठ लख्ख उजळली, यकृतावरचा ठिपकाही. डॉक्टर म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे." बाहेर बाकावर धाकटा विचारतो, "ताई, रिसेप्टर म्हंजी नेमकं काय गं?"

"पेशीच्या अंगावरच्या जागा. शरीरातले निरोप तिथे येऊन चिकटतात. तुझी गाठ वेगळ्या जातीची आहे, हळू वाढणारी. तिच्यावर अशा जागा भरपूर आहेत, म्हणून औषध नेमकं तिथेच बसेल."

"समद्यांच्या गाठीला असत्यात?"

"नाही. नेहमीच्या जातीत सहसा नसतात."

"मंग तात्यांच्या?"

"कोणी बघितलंच नाही रे."

दर महिन्याला त्याला इंजेक्शन असतं. गाठ वाढायची थांबलीय, तो परत मार्केटला जायला लागलाय. मी मात्र तुमच्या जुन्या दवाखान्यात जाऊन आले. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. तुमच्या गाठीचा तुकडा कुठेच राहिलेला नाही. तुमची गाठ हळू वाढणारी होती की तुम्हीच चिवट होतात, हे आता कधीच कळणार नाही. वर्गात तो धडा आला की माझा खडू थांबतो.

आईला यातलं काही बोलले नाही, हा कागदही दाखवणार नाही. स्क्रीनवर गाठ उजळली तेव्हा धाकट्यानं माझा हात घट्ट धरला होता. मला आनंद झाला, तात्या. पण तो नंतर. आधी, एक क्षणभर, मला धाकट्याचा राग आला; त्याची गाठ कोणीतरी बघितली होती.